५५ फळ्यांचं घंगाळ

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

आई गुरुवारी निघतेय, तिच्या बॅगेत हे पत्र देतोय. फोनवर तू दोनदा म्हणालास, "त्या टबाचं सगळं बैजवार लिहून पाठव, असं तुकड्यातुकड्यानं कळत नाही." म्हणून अंगणातल्या आमच्या गरम पाण्याच्या लाकडी टबाबद्दल लिहायला आज रविवारचा मुद्दाम बसलोय. बाहेर पावसाची झिमझिम लागून राहिली आहे. सिअ‍ॅटलला डिसेंबरात संध्याकाळी साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि हा पाऊस महिनोन् महिने असाच रेंगाळतो. हाडांत गारवा मुरतो. अशा दिवसांत मला तुमच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवायचा. करवंट्या टाकायच्या, मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, आणि तुझी आजी घंगाळात कढत पाणी ओतून हाक मारायची. इथल्या बाथरूमच्या शॉवरखाली आंघोळ होते, पण शेकल्यासारखं वाटत नाही. टब घ्यायचं खरं कारण एवढंच.

सप्टेंबरात टबाच्या सुट्या भागांचं किट आलं. ट्रकवाल्याने एक लांबट पेटी अंगणात उतरवली. उघडली आणि जो वास आला, तो मी तुला कसा सांगू? लाकूड इथलंच, रेड सीडर. नावावर जाऊ नकोस, हिमालयातल्या देवदाराशी याचं नातं नाही. शाळेच्या फाटकाशी मोरपंखी होती ना, जिची पानं आपण पुस्तकात ठेवायचो, तिच्या घराण्यातलं हे झाड. या लाकडात मुळातच अशी द्रव्यं असतात की ते लवकर कुजत नाही, म्हणून आतून रंग, तेल, पॉलिश काही लावायचं नाही. इथले मूळ रहिवासी, कोस्ट सॅलिश लोक, याच झाडाच्या अख्ख्या खोडातून होड्या कोरत आले आहेत. सालीचे दोर वळत, वस्त्रंही विणत. आमच्या घरामागच्या रानात शंभरेक वर्षांपूर्वी तोडलेल्या सीडरांचे बुंधे अजून उभे आहेत, माणसापेक्षा उंच. त्यांच्यावर दोन-दोन खाचा दिसतात. तोडणारे त्या खाचांत फळी अडकवून वर उभे राहत आणि करवत चालवत. मी तिथून जाताना दरवेळी थांबतो.

आता बांधणी. टब पाच फूट रुंद, चार फूट उंच. ५५ फळ्या, दीड इंच जाडीच्या, गाठ नसलेल्या, सरळ रेषांच्या. कडा किंचित तिरप्या तासलेल्या, म्हणजे एकीला एक लावत गेलं की आपोआप गोल होतो. खिळा एकही नाही, डिंक नाही. फक्त बाहेरून गोल आवळणारी स्टीलची कडी.

आधी बैठक. सुमारे १६०० लिटर पाणी म्हणजे १६०० किलो, वर चार माणसं, लाकूड, पाणी तापवायची शेगडी. दोन टनांच्या घरात जातं. म्हणून चार इंचांचा काँक्रीटचा कोबा घातला आणि पाणसळीने पुन्हा पुन्हा तपासला. कोब्यावर तुळया, तुळयांवर तळाच्या फळ्या, लाकडी खुंट्यांनी एकमेकींत बसवलेल्या. उभ्या फळीच्या खालच्या टोकापासून चार इंचांवर आडवी खाच असते, तीत तळाची कड शिरते. इथे एक गोष्ट मला फार आवडली, तुलाही आवडेल: उभ्या फळ्यांची टोकं जमिनीला टेकू द्यायची नाहीत. ती लोंबतीच राहतात. सगळा भार तळावर, तळाचा तुळयांवर. फळ्या टेकल्या तर भार त्यांच्यावर येतो आणि खाचेतला सांधा उघडतो.

पहिली फळी कुठे लावायची तेही ठरलेलं असतं. तळाच्या दोन फळ्यांचा सांधा जिथे कडेला येतो, बरोबर त्याच्यावर उभ्या फळीचा मध्य यायला हवा. सांध्यावर सांधा आला की पाणी तिथूनच वाट काढणार. रबरी हातोड्याने ठोकत ठोकत गेलो. ठप्प आवाज आला तर फळी खाचेत पुरती बसलेली नाही. आवाज भरीव झाला की पुढची घ्यायची. बायकोने आतून धरायचं, मी बाहेरून ठोकायचं. चोपन्न लागल्या आणि शेवटची जागा उरली, फळीच्या रुंदीपेक्षा कमी. ती वर, मध्ये, खाली तिन्हीकडे मोजून, उभी चिरून, रंध्याने एकेक ढलपी काढत बसवायची असते. त्या एका फळीला अख्खी दुपार गेली. बसली तेव्हा कड दिसेना.

मग पाणी सोडलं आणि त्या रात्री माझा धीर सुटला. तळाच्या कडेने, फळ्यांच्या मधून, सगळीकडून धार. कोबा ओला, अंगण ओलं. मी पाना घेऊन कडी आवळत सुटलो. एका जागी कडं लाकडात रुतलं, तो वळ अजून आहे. मध्यरात्री तुला फोन केला, तुझ्याकडे दुपार होती. तू म्हणालास, "आवळू नको. होडी किनाऱ्यावरून पाण्यात टाकली की पहिल्या दिवशी पाणी घेते की नाही? लाकडाला पिऊ दे."

ते वाक्य ऐकून मी पाना खाली ठेवला. नंतर विचार केला तेव्हा पटलं. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतं. कडं ताणलं जात नाही, म्हणून फुगलेल्या फळ्या एकमेकींनाच दाबतात आणि फट मिटते. आधीच करकचून आवळलं तर फुगायला जागाच राहत नाही, कडेचे तंतू चिरडतात, आणि पुढे कधी सुकलं की गळती आधीपेक्षा जास्त. मी कडी थोडी सैल केली, पाइप चालू ठेवला, वरून फळ्यांवरही शिंपत राहिलो. दुसऱ्या दिवशी धारांचे थेंब झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी हात फिरवला तर कोरडं. तुमची होडी श्रावणापर्यंत झापांखाली असायची आणि नारळी पौर्णिमेनंतर तू डबा घेऊन तिच्यातलं पाणी उपसायचास, ते मी कितीदा पाहिलं होतं. पण ते इथे, या अंगणात, उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं लाल झालं. दोनदा काढून टाकलं. आता मात्र टब कधी रिकामा ठेवायचा नाही, सुकला की पुन्हा पहिल्यापासून.

शेगडी हा तर थेट आपला बंबच. अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पेटी पाण्यात बुडवलेली, आत जाळ, वर धुराडं. फरक असा की ती पोकळ असल्याने तरंगू पाहते, म्हणून दांड्यांनी जखडावी लागते. आणि पाणी भरल्याशिवाय काडी लावायची नाही, नाहीतर धातू वितळतो. अंग भाजू नये म्हणून मध्ये सीडरच्या पट्ट्यांचा कठडा. दहा अंशांचं पाणी ३८ वर यायला साडेतीन तास लागतात. चाळीसच्या वर मी जाऊ देत नाही, आणि मुलीला दहा मिनिटांत बाहेर काढतो. झाकणाला कुलूप आहे.

नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठून शेगडी पेटवली. तेल-उटणं पाण्यात गेलं तर टब खराब होतो, म्हणून सगळ्यांनी आधी घरात अभ्यंग करून घेतलं. आईचं रक्तदाब-गुडघ्याचं डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. त्यांनी ३८ अंश, दहा मिनिटं सांगितलं. तिला धरून पायऱ्या चढवलं. गळ्यापर्यंत बसली, डोक्यावर पावसाचे बारीक थेंब, आणि डोळे मिटून म्हणाली, "गुडघे गप झाले रे." गेले दोन महिने एक दिवसाआड बसतेय. तिकडे गेल्यावर तिचे पाय शेकायला कोण पाणी तापवणार, हा घोर मला लागला आहे. तुला जमेल तेव्हा एखादी चक्कर टाक तिच्याकडे.

शेवटची फळी चिरली तेव्हा दोन बोटं रुंदीची एक पट्टी उरली होती. ती या पत्राबरोबर आहे. नखाने खरवडून वास घे. मला तो मोरपंखीचा वाटतो. तुला कसला वाटतो ते कळव.

तुझाच,
भाऊ