तुझं अ‍ॅडमिन का काढलं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू विचारलंस, "माझं अ‍ॅडमिन का काढलंस? विश्वास नाही का माझ्यावर?" आणि उत्तर न ऐकताच खोलीत निघून गेलास. तेव्हा बोलले असते तर माझाही आवाज चढला असता. म्हणून हे लिहून कीबोर्डवर ठेवतेय. कॉम्प्युटर सुरू करण्याआधी वाच.

पहिली गोष्ट, अ‍ॅडमिन (कॉम्प्युटरवर काहीही बसवायचा-बदलायचा पूर्ण अधिकार) फक्त तुझं काढलेलं नाही. माझं, बाबांचं, ताईचंही काढलंय. आता चौघांची चार साधी खाती आहेत आणि अ‍ॅडमिनचं पाचवं वेगळं. त्या पाचव्यात बसून रोजचं काम कुणीच करायचं नाही, मीसुद्धा. हे खरं तर कॉम्प्युटर घरात आला त्याच दिवशी करायला हवं होतं. इतकी वर्षं आपण सगळे एकाच खात्यावर बसत होतो, आणि ते खातं अ‍ॅडमिनचं होतं. त्यामुळे एकाच्या हातून जे स्पायवेअर, म्हणजे चोरून माहिती नेणारं सॉफ्टवेअर, आत आलं, त्याने चौघांचं नेलं.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते तुला नीट कळायला हवं. तू गेमचा मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी फाइल, शोधत होतास. पानावर "मी रोबोट नाही" अशी नेहमीची चौकट आली, तू क्लिक केलंस. मग तीन सूचना आल्या: विंडोजची कळ आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. तू दाबलंस. क्लिक केलंस त्या क्षणी त्या पानाने एक कमांड तुझ्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे साठतं तिथे) गुपचूप ठेवली होती. विंडोज-आरने रनची, म्हणजे कमांड चालवायची, चौकट उघडली, कंट्रोल-व्हीने ती कमांड आत पडली आणि एंटरने चालली. चौकट अरुंद असते, त्यामुळे लांबलचक कमांडचं फक्त शेपूट दिसतं, आणि त्या शेपटात मुद्दाम "पडताळणी क्रमांक अमुक" असं काहीतरी साधं लिहिलेलं असतं. खरी कमांड डावीकडे, नजरेआड. ही युक्ती २०२४ पासून फार पसरली आहे आणि तिला मोठी माणसंही फसतात. खरी पडताळणी तुला चित्रं ओळखायला सांगेल, टिक करायला सांगेल. ती कधीही ब्राउझरच्या बाहेर येऊन कळा दाबायला सांगणार नाही. पुन्हा कधी शंका आली तर जे पेस्ट करायला सांगतात ते आधी नोटपॅडमध्ये पेस्ट कर आणि वाच.

आत जे आलं ते ब्राउझरकडे गेलं, कारण सगळं तिथेच होतं. यात माझी चूक मोठी आहे. "पासवर्ड सेव्ह करू का?" असं विचारलं की मी दर वेळी हो म्हणत आले. पण पासवर्डपेक्षाही महत्त्वाच्या निघाल्या कुकीज. आपण एकदा लॉगिन केलं की वेबसाइट ब्राउझरला एक कुकी देते, प्रवेशाचा पास असावा तशी. पुढच्या वेळी ती पास बघते, पासवर्ड विचारत नाही, ओटीपी विचारत नाही. तो पासच चोरीला गेला की चोर आपल्याच नावाने आत बसतो. माझ्या मेलवरून ओळखीच्यांना पैसे मागणारे निरोप गेले ते असे. मी घाबरून त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्या कॉम्प्युटरवर संशय आहे तिथेच नवा पासवर्ड टाइप करायचा म्हणजे नवी किल्लीही त्याच्याच हातात द्यायची. आधी स्वच्छ फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलायचे आणि लगेच "सर्व डिव्हाइसवरून साइन आऊट" करायचं, म्हणजे चोराकडचा पास रद्द होतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, डिफेंडरचा, ऑफलाइन स्कॅनही केला, विंडोज सुरू होण्याआधी चालतो तो. काही सापडलं नाही. त्यावर मी विसंबले नाही. या जातीचं स्पायवेअर काही मिनिटांत हाती लागेल ते उचलतं, पाठवून देतं आणि बऱ्याचदा स्वतःला पुसून टाकतं. म्हणून फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाजूला काढली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह तयार केला, डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं. तुझे गेम गेले, सेव्ह केलेल्या लेव्हल गेल्या. त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता साध्या खात्याने काय होतं ते. तुझ्या खात्यात काही शिरलं तर तुझं जाईल, हे खरंच आहे; साधं खातं म्हणजे चिलखत नव्हे. पण ते माझ्या किंवा ताईच्या फोल्डरमध्ये जाऊ शकणार नाही, विंडोजच्या पोटात घर करू शकणार नाही, डिफेंडर बंद पाडणं त्याला जड जाईल. आणि काही इन्स्टॉल करताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी येईल तेव्हा आपण दोघं मिळून एकदा बघू: हे काय आहे, कुठून आलं, आत्ता का मागतंय. क्रॅकच्या (पैसे न देता वापरायला कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरच्या) सूचनांत "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं लिहिलेलं असतं किंवा झिप फाइलला पासवर्ड लावलेला असतो. तो पासवर्ड स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणूनच असतो. अशा ठिकाणी मी नाहीच म्हणेन, आधीच सांगून ठेवते.

"मी विश्वासाच्या साइटवरूनच घेतो" असं तू म्हणशील. बरोबर आहे, तसंच घ्यावं. तरी सांगते, २००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की न सांगता लपून बसणारं सॉफ्टवेअर पडत होतं. मार्क रुसिनोविच या विंडोजच्या तज्ज्ञाने ते उघडकीला आणलं आणि सीडी परत घ्याव्या लागल्या. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या प्रोग्रामच्या अधिकृत डाऊनलोडमध्येच चोरट्यांनी आपला कोड घुसवला, आणि तो २० लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर गेला. म्हणून अपडेट वेळेवर, इन्स्टॉल कमी, आणि वापरत नाही ते काढून टाकायचं. ब्राउझरचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) "सर्व वेबसाइटवरची माहिती वाचणे आणि बदलणे" अशी परवानगी मागत असेल तर ते वाक्य शब्दशः घे. फाइलचा प्रकार सांगणारी नावाच्या शेवटची अक्षरंही आता दिसतील असं केलंय. पीडीएफच्या मागे ईएक्सई, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम, लपलेला असेल तर उघडू नकोस, मला दाखव.

आणखी एक तुला माहीत नाही. या सगळ्यानंतर मला सुचवलं गेलं की तुझ्या खात्यात पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर बसवावं: तू काय टाइप करतोस, काय बघतोस, त्याचे स्क्रीनशॉट माझ्या फोनवर. मी नाही म्हटलं. न सांगता बसवलेलं ते सॉफ्टवेअर म्हणजे स्पायवेअरच, नाव वेगळं. शिवाय अशा कंपन्यांकडे साठवलेली मुलांची माहिती वारंवार फुटलेली आहे. ज्याच्यापासून तुला वाचवायचं तेच मी माझ्या हाताने तुझ्या खोलीत कसं आणून बसवू?

मला राग आला तो एंटर दाबल्याचा नाही. तू चार दिवस बोलला नाहीस, त्याचा. काळी खिडकी एकदा चमकून गेली तेव्हाच तुला शंका आली होती, हे तूच सांगितलंस. त्याच क्षणी वायफाय बंद करून हाक मारली असतीस तर कदाचित निम्मं वाचलं असतं. तू का गप्प राहिलास याचा मी खूप विचार केला. मी ओरडेन म्हणून. आणि मी ओरडलेच. त्याबद्दल माफ कर. पुढच्या वेळी तू सांगायला येशील तेव्हा मी आधी वायफाय बंद करेन, मग तुझ्याशेजारी बसेन. ओरडणार नाही, हा शब्द देते.

तुझ्या खात्याला अजून पासवर्ड नाही. तो तू ठेव, लांबलचक, दुसरीकडे कुठेही न वापरलेला. टाइप करशील तेव्हा मी खोलीत नसेन. गेम पुन्हा टाकायचा असेल तर आज रात्रीच हाक मार, अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकायला मी येते.

तुझी,
आई