मिस्सा मराठीत, आणि एक गीत लॅटिनमध्ये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका सद्गृहस्थांनी लिहिले की, कॅथलिकांनी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य सामूहिक उपासनेत, लॅटिन सोडली आणि तिथेच त्यांची एकी सैल झाली. धर्म एक तर भाषाही एकच हवी. मी सोलापुरातली कॅथलिक, चौतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका. ते वाचून राहवले नाही.

लॅटिन ही काही पहिल्यापासूनची धर्मभाषा नव्हे. येशू अरामी बोलत असे, नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला, आणि खुद्द रोममधले सुरुवातीचे ख्रिस्ती उपासना करीत तीही ग्रीकमध्ये. पुढे साध्या माणसांना ग्रीक कळेनाशी झाली, म्हणून लॅटिन आली. इ.स. ३८२ च्या सुमारास पोप दमासस यांनी विद्वान धर्मगुरू जेरोम यांच्याकडे शुभवर्तमानांचे, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या ग्रंथांचे, लॅटिन भाषांतर सुधारण्याचे काम सोपवले. त्या कामातून वाढत गेलेल्या बायबलला 'वुल्गाता' म्हणतात, म्हणजे सर्वांच्या वापरातले. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली त्यामागची कळकळ आणि ही कळकळ फार लांबची नाही. आणि नवी भाषा आली ती जुनीचे चार शब्द पदरात बांधूनच: लॅटिन मिस्सेत 'किरिये एलेइसोन' (प्रभो, दया कर) ग्रीकच राहिले, 'आमेन' आणि 'आलेलुया' हिब्रूच राहिले. आपल्या केरळातले सिरो-मलबार कॅथलिक शतकानुशतके सुरियानीत, म्हणजे अरामीच्याच एका रूपात, आणि आता मल्याळममध्ये मिस्सा करतात. त्यांचे पोपही तेच, जे आमचे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज २१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. लोकभाषांना दार उघडले ते त्यानेच. पण लॅटिन विधींत लॅटिनचा वापर राखावा, असेही त्यातच लिहिले आहे. भाविकांना मिस्सेतला आपल्या वाट्याचा भाग लॅटिनमध्येही म्हणता-गाता यावा, याची काळजी घ्या, असेही आहे. म्हणजे लॅटिन टाकून द्या असे परिषदेने सांगितलेच नव्हते. आपल्याकडे ती हातातून निसटली.

माझी आई नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून लग्न होऊन इथे आली. वडील रेल्वेत होते. लॅटिन मिस्सेची तिची आठवण अशी, की फादरांची पाठ लोकांकडे, शब्द कानावर पडायचे पण अर्थ लागायचा नाही. तेवढ्या वेळात ती मराठीत अख्खी जपमाळ ओढून काढायची. मराठी मिस्सा सुरू झाली त्या दिवसाविषयी ती एकच वाक्य बोलायची: ''फादर देवाकडे काय मागतात ते त्या दिवशी कळलं.'' हे वाक्य मी ऐकलेले आहे, त्यामुळे लॅटिन परत आणा असे मी कधीच म्हणणार नाही.

पण आई गेली ती रात्रही मला विसरता येत नाही. २०११ सालची गोष्ट. देह पेटीत ठेवलेला, खोलीत बसायला जागा नाही. मराठीत जपमाळ झाली. आमच्या ओळीत राहणाऱ्या तेलुगू मावशी कोपऱ्यात नुसते मणी सरकवत होत्या, गोव्याचे एक निवृत्त गार्ड दाराशी उभे होते. जपमाळ संपली, आणि मावशींनी हळूच 'साल्वे रेजिना' हे मरियामातेचे लॅटिन गीत धरले. दुसऱ्या ओळीला गार्डकाकांचा आवाज आला, मग आईच्या गावाकडच्या दोन म्हाताऱ्यांचा. 'मिसेरिकोर्दिए' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आपापल्या मातीचा होता, पण चाल एक, आणि थांबायचे ठिकाणही एक. दोन-तीन मिनिटांचे गाणे. आम्ही पन्नाशीतले निम्मे गप्प, मुले पूर्ण गप्प. भाचीने माझ्या कानाशी येऊन विचारले, ''मावशी, हे कुठल्या भाषेत म्हणतायत?''

हिंदी घेतली किंवा इंग्रजी घेतली, की कोणीतरी सराईत असतो आणि कोणीतरी अडखळतो. लॅटिन त्या खोलीत कोणाच्याच घरची नव्हती, म्हणून ती सगळ्यांची होऊ शकली. सोलापूरकरांना हे मी काय समजावणार? आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची वचने कन्नडमध्ये आहेत. त्यांच्या यात्रेतल्या प्रतीकात्मक विवाहसोहळ्यात संमती कट्ट्यावर 'सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्' होते, तेव्हा अक्षता टाकणाऱ्या हातांत मराठी बोलणारे असतात, कन्नड आणि तेलुगू बोलणारेही असतात. घरी जाऊन ज्याची त्याची भाषा सुरू होते, आणि त्याने यात्रेत काही उणे येत नाही.

आता मला जी भीती वाटते ती सांगते. लॅटिनच्या जागी मराठी आली. त्या मराठीच्या जागी आता इंग्रजी येऊन बसते आहे, आणि या वेळी लोकांना कळावे हे कारणही नाही. शहरातल्या एका चर्चमध्ये मुलांचे धर्मशिक्षण केवळ इंग्रजीत होते, कारण मुले इंग्रजी शाळेत जातात. मागच्या नाताळात मराठी मिस्सेत एका मुलीला वाचन दिले होते. चुणचुणीत पोर, आवाज खणखणीत. नंतर तिच्या हातातला कागद मी पाहिला. सगळे वाचन आईने रोमन अक्षरांत लिहून दिलेले, 'करार'वर पेन्सिलने खूण, तिथे दम घ्यायचा म्हणून. इंग्लंडहून गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी काव्य क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले, कारण छपाईसाठी देवनागरीचे खिळे नव्हते. चारशे वर्षांनी खिळे आहेत, फोनवर कळफलकही आहे, आणि आमची मुले पुन्हा तिथेच.

आमच्यात मराठीला माणसे कमी नाहीत. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, बायबल सुबोध मराठीत आणणारे वसईचे धर्मगुरू. सोलापूरहून आम्ही चौघीजणी एसटीने गेलो होतो.

शहरातल्या कॅथलिक चर्चच्या मंडळांना माझी विनंती आहे. मराठी मिस्सेची वेळ भल्या पहाटेची ठेवू नका, मुलांसह घरच्यांना येता येईल अशी ठेवा. धर्मशिक्षणात मराठी वाचन घ्या. आणि महिन्यातून एकदा जपमाळेनंतर 'साल्वे रेजिना' म्हणा, आधी मराठीत अर्थ सांगून. मुलांना देवनागरी वाचायला शिकवायचे काम दर शनिवारी संध्याकाळी मी करीन, त्याचे काही घेणार नाही. चाल मात्र मला नीट येत नाही. ती तेलुगू मावशींना येते. त्या ऐंशीच्या पुढे आहेत आणि जिना चढवत नाही म्हणतात, तेव्हा वर्ग तळमजल्यावर हवा, आणि या पावसाळ्यातच सुरू व्हायला हवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर