कोटेशनमध्ये नुसते ‘१६ जीबी रॅम’ नको

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मुलीच्या आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी आम्ही नुकताच सुटे भाग आणून घरीच डेस्कटॉप जुळवला. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर व मदरबोर्डचे मॉडेल अक्षरन् अक्षर लिहिले होते. मेमरीपुढे मात्र ‘१६ जीबी रॅम’ एवढेच. बोर्ड डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीचा आणि हाती पडली आधीच्या पिढीची, डीडीआर४ची पट्टी. दोन्हींना पिना २८८च असल्या, तरी मधली खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. आम्ही जोर लावला नाही म्हणून बोर्ड वाचला. पट्टी बदलून मिळाली, पण ‘सील फोडले’ या सबबीखाली काही रक्कम कापली गेली.

अर्धी चूक आमचीही होती. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीचा एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या जागेचा) बोर्ड फक्त डीडीआर५ घेतो आणि एएम४चा फक्त डीडीआर४, एवढे खरेदीपूर्वी पाहता आले असते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर दोन्ही प्रकार चालवतात, त्यामुळे तेथे नुसते प्रोसेसरचे नाव सांगून भागत नाही, बोर्डच पाहावा लागतो.

तरीही पट्टी स्लॉटमध्ये बसली म्हणजे जुळली, असे नव्हे. खोक्यावर ६००० हा वेग छापलेली डीडीआर५ मेमरी सुरुवातीला सहसा ४८०० किंवा ५६००वरच चालते. छापील वेगासाठी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हे मेमरीतच साठवलेले वेगाचे प्रोफाइल सुरू करावे लागते, आणि त्या वेगाला आपला बोर्ड टिकेल का, याचा त्यातल्या त्यात भरवशाचा अंदाज बोर्डाच्या कंपनीने संकेतस्थळावर दिलेल्या, तपासून पाहिलेल्या मेमरीच्या यादीवरूनच येतो. ही यादी पार्ट नंबरनुसार असते, म्हणजे ‘१६ जीबी’ या शब्दांवरून ती शोधताच येत नाही.

‘आता एक पट्टी घ्या, पुढे दुसरी टाका,’ हा दुकानांतला नेहमीचा सल्लाही मला पटत नाही. एकाच पट्टीवर मेमरीचा एकच चॅनेल, म्हणजे प्रोसेसरशी माहितीची ने-आण करणारा मार्ग, चालतो, आणि नंतर आणलेली पट्टी त्याच कंपनीची असली तरी तिच्यातील चिप वेगळ्या असू शकतात. मग दोन्ही पट्ट्या कमी वेगाच्या पट्टीच्या चालीने चालतात किंवा संगणक अधूनमधून अडतो. चारही स्लॉट भरणे तर आणखी महागात पडते: एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसर मालिकेत दोन पट्ट्यांसाठी अधिकृत वेग ५२०० आहे, चार पट्ट्यांसाठी अवघा ३६००. त्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एकत्र विकला जाणारा संच सुरुवातीलाच घेणे शहाणपणाचे.

म्हणून विक्रेत्यांना विनंती, की कोटेशनवर आणि बिलावर मेमरीचा प्रकार, वेग, पट्ट्यांची संख्या आणि पूर्ण पार्ट नंबर लिहावा. आमच्या बिलावर अजूनही ‘रॅम १६ जीबी’ एवढेच आहे. उद्या वॉरंटीसाठी दुकानात गेलो आणि पट्टीवरचे स्टिकर निघालेले असले, तर याच बिलावर घेतलेली पट्टी ती हीच, हे आम्ही कशाच्या आधारे सांगायचे?

आपला नम्र,
एक वाचक, पुणे