कागदी ताटलीचं घड्याळ

काकी,

सप्रेम नमस्कार.

कोर्टाच्या त्या दिवसांत तुम्ही माझी पोरं सांभाळलीत, त्याचे समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "बस गो" म्हणता, चहाचं आधण ठेवता आणि धाकटीच्या केसांवर बोलायला लागता. तीनदा असं झालं. म्हणून लिहून काढतेय, आणि चारचौघांत लिहितेय, कारण ज्यांनी त्या दिवसांत पाठ फिरवली त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं. तुम्ही गोव्यात, पेडण्याच्या मराठी शाळेत शिकलात, मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचता, तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेलच.

कोर्टाचं ते पाकीट आलं तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकला. माझा पासपोर्ट अजून भारताचा. मग कळलं की भारतासारख्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकाला इथे इंग्लंडमध्ये मतदारयादीत नाव घालता येतं, आणि यादीत नाव असलं नि इथे पाच वर्षं काढलेली असली की ज्यूरीला, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला बसणाऱ्या बारा साध्या माणसांत, बोलावणं येऊ शकतं. सांगलीला फोन केला तर बाबांनी पहिलं नाव काढलं नानावटींचं. १९५९ चा मुंबईतला खुनाचा खटला, ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. "म्हणजे तू आता त्या खुर्चीत बसणार?" त्यांच्या आवाजात अभिमान होता. माझ्या पोटात गोळा आला होता.

कारण आमचं घर कसं चालतं ते स्विंडनमध्ये तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मी पहाटे पाच ते दुपारी एक. हे दुपारी दोन ते रात्री दहा. पोरं आमच्या हातातून एकमेकांच्या हातात जातात, कधी दारात, कधी बसस्टॉपवर. सांभाळायला पैसे मोजावे लागू नयेत म्हणून दोघांनी मागून घेतलेल्या पाळ्या आहेत या. चार वर्षांत आम्ही चौघं एका वेळी जेवलो ते फक्त रविवारी. त्यात कोर्ट म्हणतं, सकाळी नऊ ते संध्याकाळ, निदान दहा दिवस. म्हणजे दुपारी दीडपासून मी परत येईपर्यंत धाकटी कुणाकडे? सव्वातीनला थोरल्याला शाळेतून आणणार कोण? तारीख एकदा पुढे ढकलून झाली होती, दुसऱ्यांदा तोंड नव्हतं. न जाणाऱ्याला हजार पौंडांपर्यंत दंड होतो.

आणि पैसे. मला तेव्हा ताशी १२.२१ पौंड मिळायचे, इथली २०२५ ची किमान मजुरी. आठ तासांचे ९७.६८, कर-बिर कापून हातात चौऱ्याऐंशीच्या आसपास. कोर्ट तेव्हा पहिले दहा दिवस रोजचे जास्तीत जास्त ६४.९५ देत होतं. बुडालेला पगार नि मुलं सांभाळायचा खर्च, दोन्ही मिळून ६४.९५. पगाराचे वेगळे, मुलांचे वेगळे असं नाही. मी तो कागद तीनदा वाचला, मला वाटलं आपलंच इंग्रजी कच्चं. नव्हतं कच्चं. ज्याला मुलं नाहीत त्यालाही तेवढेच, आणि जिला दोन आहेत तिलाही तेवढेच. तेही काम संपल्यावर, अर्ज गेला की सात ते दहा कामाच्या दिवसांनी. घरभाडं एक तारखेलाच जातं. मालक काही कोर्टाच्या अर्जासाठी थांबत नाही.

जिथे मी सहा वर्षं खोकी उचलते तिथे ज्यूरीसाठी सोडणं मालकाला भाग आहे, पगार देणं भाग नाही. ठीक. पण बुडालेल्या पगाराच्या दाखल्यावर एक सही हवी होती, तेवढ्यासाठी तो कागद ऑफिसात सहा दिवस पडून राहिला. "वार्षिक रजा का नाही घेत?" असं मला विचारण्यात आलं. रजा मी घ्यायची, म्हणजे मुलांच्या नाताळच्या सुट्टीत पुन्हा बिनपगारी घरी बसायचं. आणि शनिवारचा ओव्हरटाइम, जो मला वर्षभर मिळत होता, तो त्याच आठवड्यात दुसरीला गेला. काही न बोलता. फळ्यावर माझं नाव नव्हतं, एवढंच.

परकं ऑफिस, त्याचं काय मनाला लावून घ्यायचं. आपल्या माणसांचं लागलं. ज्यांच्यासोबत गणपतीत आरत्या म्हणतो त्यांना मी हात जोडून विचारलं, रोज दुपारी तीन-चार तास, कुणी एक-एक दिवस वाटून घेतलं तरी चालेल. एकीने सांगितलं, "इंग्लिश येत नाही म्हणून कळव, सोडतात." दुसऱ्याने सांगितलं, "आजारी पड." एका ताईंची दोन मुलं त्यांच्या बाळंतपणात मी दोन महिने शाळेतून आणली होती. त्यांनी माझा निरोप वाचला आणि तीन दिवसांनी लिहिलं की त्या आठवड्यात पाहुणे आहेत. पाहुणे असतीलही. मला राग येतो तो त्या तीन दिवसांचा. त्या तीन रात्री मी फोन उशाशी घेऊन झोपले.

तुमच्याकडे मी सगळ्यात शेवटी आले, काकी, कारण तुम्ही नोंदणी केलेल्या चाइल्डमाइंडर, पैसे घेऊन घरी पोरं सांभाळणाऱ्या, हेच तुमचं पोट. फुकट मागायला येववत नव्हतं आणि पैसे देऊन परवडत नव्हतं. दारात उभी राहून मी सगळं एका दमात सांगितलं. तुम्ही हात पुसत ऐकलंत. खोटं बोल म्हणाला नाहीत. म्हणालात, "कुणाचो तरी पूत थंय उबो आसतलो. तू वच." कुणाचा तरी मुलगा तिथे उभा असेल, तू जा. मग पैशांचं: "कोर्टाने दिले की दे. नाही दिले तर बघू." एवढं बोलून तुम्ही धाकटीला काय खाल्लेलं चालतं ते विचारायला लागलात.

मी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली. त्या बंद खोलीत आम्ही बाराजण काय बोललो ते मी तुम्हालाच काय, ह्यांनाही आयुष्यभर सांगू शकत नाही, कायद्याने गुन्हा आहे. पण बाहेरच्या हॉलमध्ये ताटकळताना जे दिसलं ते सांगता येईल. ज्यांना कंपनी पूर्ण पगार देते ते निवांत लॅपटॉप उघडून बसत. आणि काही बायका दर पंधरा मिनिटांनी फोनवर हलक्या आवाजात कुणाला तरी सांगत, दूध फ्रिजमध्ये आहे, दप्तर दाराशी आहे. त्यांना बघून मला रोज टिळकांच्या खटल्याची आठवण यायची. १९०८, मुंबई हायकोर्ट, ज्यूरीत नऊजण, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख केसरीतले, मराठीतले, आणि त्यांचा न्याय करणारे ते भाषांतरातून समजून घेणारे. सात विरुद्ध दोन, मग सहा वर्षं मंडाले. शाळेत हे पाठ करताना मला ज्यूरीत कोण बसलंय याचा अर्थ कळला नव्हता. आता कळतो. ज्यांना पोरं सांभाळून येणं परवडत नाही त्या सगळ्या अशाच सुटका मागत गेल्या, तर त्या बारा खुर्च्यांवर पहाटे पाचला खोकी उचलणारं कुणी उरणारच नाही. आणि समोर उभा असलेला मुलगा बहुतेक वेळा आमच्यासारख्याच घरातला असतो.

आता मूळ गोष्ट. दुसऱ्या आठवड्यातला बुधवार.

रोज मी साडेपाचपर्यंत तुमच्या दारात असायचे. त्या दिवशी आम्ही निकालासाठी आत बसलो होतो. आत बसायचं म्हणजे फोन जमा. पाच वाजून गेले तरी आम्ही आतच. नोव्हेंबर, साडेचारलाच खिडकीबाहेर अंधार. मला आत बसून एवढंच दिसत होतं की थोरला दाराकडे बघत असणार. त्याला अंधार झाला की रात्र झाली असं वाटतं, आणि रात्री आई घरात असते हा त्याचा हिशेब. फोन हातात आला तेव्हा सहाला दहा कमी होते. मी फोन लावला, तुम्ही म्हणालात, "सावकाश यो, धांवूं नाका." मी धावलेच. बस वेळेवर आली नाही. तुमच्या गल्लीत शिरले तेव्हा सहा चाळीस.

तो खिडकीत उभा होता. हातात वाढदिवसाच्या पार्टीतली कागदी ताटली. मी दार उघडताच तो रडेल म्हणून मी आधीच गुडघ्यावर बसले. तो रडला नाही. ताटली माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "आई, काकीचं घड्याळ तीनदा चुकलं!"

ताटलीवर तुम्ही घड्याळ काढलं होतं. काटे नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यातून कापलेले, लहान काट्यावर अजून अर्धा पिवळा कोंबडा दिसतो. मध्ये पितळी पिन. आकडे बाहेरून मराठी, आतून इंग्रजी. पहिल्या दिवशी, सोमवारीच, तुम्ही ते केलं होतं म्हणे. रोज दुपारी शाळेतून आला की दोघं मिळून काटे साडेपाचवर लावायचे, भिंतीवरच्या खऱ्या घड्याळाशेजारी ते ठेवायचं, आणि दोन्ही सारखी झाली की आई. मला आठ दिवस याचा पत्ता नव्हता.

बुधवारी खरं घड्याळ साडेपाचला पोचलं आणि आई आली नाही. त्याचा ओठ वाकडा व्हायला लागला असेल, मी ओळखते तो ओठ. तुम्ही त्याला उगी उगी केलं नाही, टीव्ही लावून दिला नाही, बिस्किट पुढे केलं नाही. ताटली उचललीत, डोळ्यांजवळ नेलीत आणि म्हणालात, "घड्याळ चुकलें रे. आवय चुकूंक ना." घड्याळ चुकलं, आई चुकली नाही. आणि काटा त्याच्या हातात दिलात. त्याने सहा केले. सहा वाजले, आई नाही, पुन्हा चुकलं. त्याने साडेसहा केले. मग सात. तो पहिलीत आहे, त्याला पूर्ण आणि अर्धा एवढंच येतं, म्हणून तुम्ही अर्ध्या अर्ध्यानेच पुढे गेलात. थोड्याच दिवसांपूर्वी इथली सगळी घड्याळं एक तास मागे झाली होती, तेव्हा घड्याळ चुकतं हे त्याला लगेच पटलं. आणि मी सातच्या आधी आले! घरी जाताना तो सगळ्या रस्ताभर सांगत होता की आई लवकर आली.

काकी, मी त्या दिवशी एक तास दहा मिनिटं उशिरा आले होते आणि माझ्या मुलाच्या लेखी मी वीस मिनिटं लवकर आले.

रात्री हे कामावरून आले तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसून रडत होते. त्यांना वाटलं खटल्याचं काही. खटल्याचं असतं तर सांगता आलं नसतं. हे सांगता येत होतं, तरी शब्द सापडत नव्हते. आम्ही दोघं मुलांना वेळ देत नाही हे बोलणं मी इतक्या वेळा ऐकलंय, आपल्या माणसांकडून, ऑफिसातल्यांकडून, शाळेच्या दारातल्या बायकांकडून. त्या सगळ्यांत मुलासमोर माझी बाजू घेणारं कुणी भेटलं नव्हतं. तुम्ही घेतलीत, मी तिथे नसताना, कुणी बघत नसताना. चांगली माणसं अशीच असतात का, काकी? की पेडण्याला तुमच्याही आईला शेतातून यायला उशीर व्हायचा? एकदा विचारायचंय.

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीत बसले तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे नव्हतं. समोरच्या कागदांवर होतं. ज्या माणसाचं आयुष्य आमच्या हातात होतं त्याला माझं पूर्ण लक्ष मिळालं. ते तुमच्यामुळे मिळालं आणि हे त्याला कधी कळणार नाही.

कोर्टाचे पैसे डिसेंबरात आले. जेवढे कमी पडले तेवढे ह्यांनी दोन रविवार काम करून भरले, म्हणजे दोन रविवारची जेवणंही गेली. तुमचे द्यायला आले तेव्हा तुम्ही ती निळी वही काढलीत, तारीख-तास लिहिलेली. मी बोट फिरवत गेले. त्या बुधवारपुढे लिहिलं होतं: साडेपाच. मी म्हटलं, "काकी, हे चुकलंय." तुम्ही वही मिटलीत आणि चहा ठेवलात.

रविवारी येतेय. हे घरी आहेत, चौघंही येऊ. पुरणपोळ्या करून आणते, तुमचा डबाही राहिलाय आमच्याकडे. ताटली मात्र मिळणार नाही, ती आमच्या फ्रिजवर आहे आणि थोरला तिला हात लावू देत नाही. ती निळी वही काढून ठेवा. त्या बुधवारचे एक तास दहा मिनिटं मी माझ्या हाताने लिहिणार आहे. दोन मुलांचे, ताशी सहा पौंडांनी चौदा पौंड होतात. नाही म्हणू नका.

तुमची,
समोरच्या गल्लीतली