साक्षरतेच्या वर्गात आधी डोळे तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. किती निरक्षरांची नोंदणी झाली, किती जण परीक्षेला बसले, किती उत्तीर्ण झाले, हे आकडे त्यांत असतात. मला लिहायचे आहे ते नाव नोंदवून, चार दिवस वर्गात येऊन मग घरी बसणाऱ्यांबद्दल. मी बीड जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर धारूर तालुक्यातल्या आमच्या गावी या कार्यक्रमाचा स्वयंसेवक म्हणून संध्याकाळचा वर्ग घेतो.

वर्गात बहुतेक बायका, आणि त्यांतल्या बहुतेक पंचेचाळिशीच्या पुढच्या. सुरुवातीच्याच दिवसांत एका मावशींनी पुस्तक मिटून बाजूला सारले. म्हणाल्या, “साहेब, आपल्याच्यानं काय व्हायचं न्हाई. समदं मुंग्यावानी वळवळतंय. आमचं डोस्कंच तसलं.” त्यांच्या डोक्यात काहीही उणे नव्हते. अडीच नंबरची काच डोळ्यांपुढे धरली आणि त्याच पानावरचा ‘घ’ कुठला आणि ‘ध’ कुठला, हे त्यांनी स्वतःहून बोट ठेवून दाखवले. आपल्या लिपीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक एवढासा असतो. अनुस्वार म्हणजे तर नुसते टिंब. ज्याला ते टिंब दिसतच नाही, त्याला ‘गगा’ आणि ‘गंगा’ वेगळे कसे वाटावे?

चाळिशी लागणे हा आजार नाही. वयाच्या चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि हातभर अंतरावरचे बारीक दिसेनासे होते. ते शिकलेल्यालाही होते आणि न शिकलेल्यालाही. शिकलेला माणूस पेपर लांब धरायला लागला की घरातले लोकच त्याला चष्म्याच्या दुकानात पाठवतात. निरक्षर बाईच्या बाबतीत हे कोणाच्या लक्षातच येत नाही. शिबिरात लांबची नजर तपासायला चारी दिशांना तोंडे असलेल्या इंग्रजी ‘ई’चा तक्ता असतो. बाई हाताने खुणा करून दिशा बरोबर सांगते आणि ‘नजर चांगली आहे’ असा शेरा घेऊन घरी जाते. जवळची नजर तपासायचे कार्ड मात्र मजकुराचे असते. “तुम्हाला वाचता येत नाही ना, मग जवळचा चष्मा कशाला?” असे बोलून पुढच्या पेशंटला हाक मारलेली मी कितीतरी शिबिरांत ऐकली आहे. मी सुई-दोरा हातात द्यायचो. दोरा ओवता येतो का, ज्वारीतले खडे दिसतात का, एवढ्यावरून नंबर ठरतो. त्याला अक्षरओळख लागत नाही.

असा चष्मा बाजारात शे-दीडशे रुपयांना मिळतो. शिवाय राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात वृद्धांना जवळच्या कामासाठी मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. म्हणजे एका खात्याकडे चष्मे आहेत आणि दुसऱ्या खात्याकडे चष्म्यावाचून अडलेल्या माणसांची गावनिहाय यादी आहे. ही यादी आरोग्य खात्याकडे जावी आणि वर्ग सुरू होण्याआधी शाळेत एक दिवस तपासणी व्हावी, एवढेच माझे मागणे आहे. मी हे तालुक्याच्या कार्यालयात लेखी दिले होते. उत्तर मिळाले, की प्रौढांचे डोळे हा आमचा विषय नाही. मग तो कोणाचा विषय आहे, हे तरी कोणी सांगावे.

दिव्यांगांच्या बाबतीत कायद्यात मात्र उत्तर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याचे कलम 18 प्रौढ शिक्षणाबद्दलच आहे. दिव्यांगांना प्रौढ शिक्षणात आणि निरंतर शिक्षणात इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा यासाठी शासनाने आणि स्थानिक संस्थांनी उपाय करावेत, असे ते सांगते. आमच्या गावात एक तरुण आहे, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याचे नाव यादीत आहे, पण वर्ग नाही. मला खुणांची भाषा येत नाही, आसपासच्या गावांतल्या कोणा स्वयंसेवकालाही येत नाही, आणि आम्हाला ती शिकवायची कोणी सोयही केलेली नाही. तो ओट्यावर बसून बाकीच्यांच्या पाट्या बघतो.

आता परीक्षेविषयी. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 असे 150 गुण असतात, ते ठीकच आहे. पण 2024 मध्ये ही परीक्षा 17 मार्चला झाली आणि 2025 मध्ये 23 मार्चला. आमचा भाग ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात. पावसाळाभर शिकलेल्या बायकांची परीक्षा आली तेव्हा त्यांतल्या निम्म्याअधिक उसाच्या फडावर होत्या. ऊसतोडीच्या तालुक्यांत दरवर्षी एक परीक्षा दसऱ्याच्या आधी, श्रावण-भाद्रपदात, नेमाने ठरलेली असावी. ज्यांना शिक्षणाची गरज सर्वांत जास्त, त्याच परीक्षेच्या दिवशी गावात नसतात, हे वेळापत्रक ठरवणाऱ्यांना कळायला हवे.

या बायकांना काय शिकायचे आहे, हेही त्यांना कोणी विचारत नाही. आमच्या वर्गात सर्वांना एकच कागद वाचायचा होता, साखर कारखान्याच्या काट्यावरची वजन पावती. मी जुन्या पावत्या गोळा केल्या आणि वजाबाकी त्यांच्यावरच शिकवली. भरलेल्या गाडीचे वजन वरती, रिकाम्या गाडीचे खाली, उरेल तो आपला ऊस. पुस्तकातल्या उदाहरणांना कंटाळणाऱ्या बायका पावत्यांवर रात्री नऊपर्यंत बसायच्या. एकीने हिशेब पुन्हा पुन्हा केला आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीतली उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आणि आपली तोड यांची जुळणी मला समजावून सांगितली. मलाच ती तोवर नीट माहीत नव्हती. मजुरी टनावर मिळते. पावतीवरचा आकडा ज्याला वाचता येत नाही, तो दुसरा सांगेल ते खरे मानतो. ही पावतीही इतक्या बारीक आणि पुसट अक्षरात छापलेली असते, की पुन्हा चष्म्यापाशीच यावे लागते.

सरकारच्या कागदावर या कार्यक्रमाचे पाच भाग आहेत आणि त्यांत निरंतर शिक्षण हा एक आहे. गावात तो कुठे दिसत नाही. प्रमाणपत्र मिळते, वर्ग बंद होतो, आणि हातात पुढे वाचायला काहीच नसल्याने वर्षभरात अक्षरे विसरली जातात. नव्वदच्या दशकातल्या साक्षरता अभियानात नवसाक्षरांसाठी छोटी पुस्तके निघाली, साक्षर झाल्यानंतरच्या शिक्षणाचे, ‘उत्तर साक्षरता’ म्हणून, वेगळे कामही चालले. आज शाळेच्या वाचनालयात मुलांची पुस्तके आहेत, ती पन्नाशीच्या बाईला द्यायला मला संकोच वाटतो. ससा-कासवाची गोष्ट तिने आपल्या नातवंडांना आधीच सांगितलेली असते. तिला रोजगार हमीची मजुरी किती आहे, गॅसचे अनुदान खात्यात जमा झाले का, बाजार समितीत सोयाबीनचा भाव काय, हे स्वतः वाचायचे आहे.

म्हणून एक विनंती थेट आपल्यालाच करतो. आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, आपल्या दैनिकात पाव पान नवसाक्षरांसाठी द्यावे. अक्षर नेहमीच्या दुप्पट मोठे, वाक्ये छोटी, जोडाक्षरे बेताची. बाजारभाव, एसटीचे बदललेले वेळापत्रक, एखाद्या योजनेची मुदत, तालुक्यातली एखादी घडामोड, एवढे पुरे. आमच्या वर्गात आपला अंक येतो. ते पान आल्यास मोठ्याने कोणी वाचायचे, यावरून पहिले काही रविवार भांडण होईल, त्याची तयारी मी ठेवली आहे. मजकूर निवडायला आणि अक्षराचा आकार तपासायला आमच्या वर्गातल्या बायका आनंदाने मदत करतील. कळवावे.

आपला,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी,
ता. धारूर, जि. बीड