कर्बीच्या समासातल्या नोंदी

प्रिय पक्या,

कॉमिक काढायला बसण्याआधी पूर्ण पटकथा हातात हवी की नको, असं तू विचारलं आहेस. याला हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही, म्हणून जॅक कर्बी या अमेरिकन कॉमिक-चित्रकाराचं सांगतो. लांबेल, पण तू विचारलंस म्हटल्यावर आता वाच.

हा माणूस १९१७ चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या गरीब ज्यू घरातला. खरं नाव जेकब कर्ट्झबर्ग. चित्रकला शिकायला संस्थेत नाव घातलं आणि आठवड्याभरात सोडलं. तो सांगायचा, तिथे एकच चित्र घोटत बसणारे विद्यार्थी हवे होते आणि मला काम हातावेगळं करायचं होतं. मग फ्लायशर या ॲनिमेशन स्टुडिओत पॉपायच्या कार्टूनमध्ये दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरण्याची नोकरी धरली. तीही सोडली, कारण वडील कपड्यांच्या कारखान्यात राबायचे आणि स्टुडिओही त्याला तसलाच कारखाना वाटला. पण माझं मत विचारशील तर त्याच्या चित्रातली गती तिथेच तयार झाली. मधली चित्रं भरणाऱ्याला हात क्षणापूर्वी कुठे होता आणि क्षणानंतर कुठे असेल, हे पाठ असावं लागतं. कर्बीचा ठोसा नीट बघ. मूठ जबड्याला टेकलेली तो सहसा दाखवतच नाही. हात पार फिरून पलीकडे गेलेला असतो आणि मार खाणारा हवेत असतो. मधला आघात आपणच मनात भरतो. तुझ्या मारामारीच्या चौकटी थिजल्यासारख्या वाटतात त्या नेमक्या यामुळे. तू आघाताचा क्षण पकडायला जातोस.

पुढचं भरभर सांगतो. जो सायमन या जोडीदाराबरोबर त्याने कॅप्टन अमेरिका हा सुपरहिरो काढला. मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारणारा तो पहिला अंक १९४० च्या डिसेंबरात बाजारात आला, म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या वर्षभर आधी. मग स्वतःच युद्धावर गेला, फ्रान्समध्ये थंडीने पाय गारठून कापायची वेळ आली होती, थोडक्यात वाचला. १९४७ मध्ये पुन्हा सायमनबरोबर प्रेमकथांचं कॉमिक सुरू केलं, तो प्रकार अमेरिकेत नवाच होता. ते तुफान खपलं आणि त्यात दोघांचा नफ्यात वाटा होता. हे लक्षात ठेव, कारण असा वाटा त्याला पुढे मिळाला नाही. १९५४ नंतर धंदाच बसला, आणि पुढे जिला मार्व्हल म्हणू लागले त्या कंपनीत तो पानामागे ठरलेल्या दराने काम करू लागला.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मार्व्हलमध्ये पटकथा नसायचीच. तिथला लेखक-संपादक स्टॅन ली आणि कर्बी कथेवर बोलायचे, कधी समोरासमोर, कधी फोनवर, आणि कधी तर दोन-चार वाक्यांत. मग कर्बी घरी जाऊन वीसेक पानं पेन्सिलने काढायचा. कुठला प्रसंग किती चौकटींचा, कुठे पूर्ण पान द्यायचं, कुणी कुणाला कधी भेटायचं, शेवट कुठे तोडायचा, हे सगळं तोच ठरवायचा. काढता काढता पानाच्या समासात पेन्सिलीने लिहायचा: इथे काय चाललंय, हा असं का वागतोय, साधारण काय बोलेल. पानं गेली की ली त्यावरून संवाद लिहायचा, मग फुग्यांतली अक्षरं, मग पेन्सिलच्या रेषांवर दुसऱ्या कुणाची शाई, मग रंग. आणि छापताना लेखक म्हणून नाव लीचं, चित्रकार म्हणून कर्बीचं.

त्याच्या घराच्या तळघरात एक खिडकी नसलेली खोली होती, तिला घरचे ‘अंधारकोठडी’ म्हणायचे. तिथे तो रात्र रात्र बसायचा. त्याला काम करताना पाहिलेले लोक सांगतात की आधी सांगाडा आखणं, छोटे कच्चे आराखडे करणं, असं तो फारसं करतच नसे. पानाच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करून सरळ काढत जायचा, जणू कागदावर आधीच असलेलं गिरवतोय. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने वर्षाला हजारावर पानं काढली आहेत. मार्व्हलच्या फँटॅस्टिक फोर या सुपरहिरोंच्या कॉमिकचे १९६१ पासून सलग १०२ अंक. लोक म्हणतात हात वेगवान होता. मला ते पटत नाही. हात आपलाही चालतो रे, थांबतं ते डोकं. पुढच्या चौकटीत काय, यावर आपण पेन्सिल चावत बसतो. त्याला गोष्ट काढतानाच सुचायची, म्हणून तो अडत नसे.

त्याच कॉमिकमधल्या सिल्व्हर सर्फर या पात्राचं उदाहरण घे. ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसची कथा ठरली तेव्हा सर्फर त्यात नव्हताच. पानं आली तेव्हा त्यांत फळीवर उभं राहून आकाशातून येणारा एक चंदेरी माणूस लीला दिसला. हा कोण, म्हणून विचारलं तर कर्बी म्हणाला, एवढ्या बलाढ्याचा कुणी अग्रदूत नको का? लीला तो आवडला आणि त्याने त्याला ती गंभीर, तत्त्वचिंतकी बोली दिली. श्रेय द्यायचं तर दोघांना आहे. पण १९६८ मध्ये सर्फरचं स्वतंत्र कॉमिक निघालं, त्याचा पूर्वेतिहास लीने लिहिला, त्यात तो आधी माणसासारखाच होता असं दाखवलं, आणि चित्रं जॉन ब्युसेमाने काढली. कर्बीच्या मनातला सर्फर कधी माणूस नव्हताच. कर्बीला ते फार लागलं.

ज्या पद्धतीने त्याला मोकळीक दिली तिनेच त्याचा पुरावा खाल्ला. लेखन त्याने केलं ते चित्रांत आणि समासात. समास छापला जात नाही. मूळ पानं कंपनीकडे. ऐंशीच्या दशकात कंपनी इतर चित्रकारांना एक पानी कागदावर सही घेऊन मूळ पानं परत करू लागली, तेव्हा कर्बीपुढे चार पानी करार ठेवला होता. शेवटी १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं परत मिळाली. काढली होती त्याच्या कितीतरी पट. तो १९९४ मध्ये गेला. वारसांनी पुढे हक्क परत मागितले, प्रकरण कोर्टात गेलं, खालच्या कोर्टांत ते हरले, आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्ट ते प्रकरण घ्यायचं की नाही हे ठरवण्याच्या बेतात असताना तडजोड झाली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तू उद्यापासून लेखकालाच हाकलून देशील. १९७० मध्ये तो डीसी या मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला आणि तिथे लेखन, चित्र, संपादन सगळं स्वतः केलं. कल्पना अफाट, पण संवाद ठोकळेबाज. पात्रं एकमेकांशी न बोलता घोषणा देतात. तिथे ली हवा होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. वर त्याने काढलेले सुपरमॅनचे चेहरे कंपनीने दुसऱ्याकडून बदलून घेतले, तो अपमान वेगळाच.

शाईचं राहिलं. कर्बी सहसा पेन्सिलच करायचा, त्यामुळे छापलेलं पान हे दोघांचं असतं. जो सिनॉटने शाई केली की धातू धातूसारखा चकाकतो. व्हिन्स कोलेटा मुदत गाठायला मागची माणसं खोडून टाकायचा, गर्दीची नुसती काळी आकृती करायचा. आणि ते ऊर्जेचे काळे ठिपके, ज्यांना आता कर्बीच्याच नावाने ओळखतात, ते शाईवाल्याने बेतानेच भरावे लागतात. कारण ऊर्जा त्या काळ्या गोळ्यांत नसतेच, त्यांच्यामधल्या सुटलेल्या जागेत असते. गोळे सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतरावर आले की नुसती जाळी दिसते. तुझ्या शेवटच्या पानावर तेच झालंय.

तेव्हा तुला माझं म्हणणं असं: तू आणि तुझा लेखक, दोघांनी आधी बसून नावं कशी छापायची आणि पैसे कसे वाटायचे ते कागदावर घ्या. मग पटकथा नसली तरी चालेल. समासात मात्र भरपूर लिही आणि शाईला देण्याआधी प्रत्येक पान स्कॅन कर. सत्तरच्या दशकात कर्बीनेही पेन्सिलच्या झेरॉक्स ठेवायला सुरुवात केली होती, म्हणून त्या काळातली त्याची पेन्सिल आज बघायला मिळते. माईक रॉयरने शाई केलेलं पान आणि त्याचीच पेन्सिल शेजारी ठेवून बघ; रॉयर रेषेला रेष जुळवायचा, तरी कुठे काय हरवलं ते कळेल. पुढची पानं शाईआधी पाठव, मागाहून नको.

तुझा,
सुध्या