खुंट्या लाकडी की प्लॅस्टिकच्या?

महोदय,

पक्षाघात किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूचा आजार) झालेल्यांच्या बोटांचे कसब मोजायला नऊ छिद्रे, नऊ खुंट्यांची चाचणी सर्रास वापरतात. एका हाताने खुंट्या एकेक करून बसवायच्या, सगळ्या बसल्या की लगेच काढायच्या, लागलेले सेकंद लिहायचे. पण संच कशाचा होता, हे बऱ्याच अहवालांत नसते. ही चूक लहान नाही.

१९८५ चे प्रमाण आकडे (निरोगी माणसांना लागणारे सेकंद) लाकडी फळीवरचे आहेत: खुंटी ३.२ सेंमी लांब, ०.६४ सेंमी जाड, छिद्र १.३ सेंमी खोल. प्लॅस्टिकच्या तयार संचासाठी २००३ मध्ये स्वतंत्र आकडे प्रसिद्ध झाले. तरीही एकाचा निकाल दुसऱ्याच्या तक्त्याशी ताडला जातो. गुळगुळीत प्लॅस्टिक घामेजल्या बोटांतून निसटते. लाकडावर पकड बसते, पण पावसाळ्यात ते फुगते, खुंटी अडकते आणि सेकंद वाढतात. सुताराकडून करून घेतलेल्या फळीवर वॉर्निशचा हात फिरला की छिद्र आणखी आवळते. खुंट्यांची वाटी उतरत्या कडेची असेल तर खुंटी कडेला सरकवून उचलता येते. सपाट डब्यात चिमटीनेच धरावी लागते.

या चाचणीत २० टक्के फरक सहसा खरा बदल धरतात. २५ सेकंद घेणाऱ्या रुग्णात तो अवघा ५ सेकंदांचा. म्हणून दर खेपेस तोच संच वापरावा, अहवालात त्याचे साहित्य लिहावे, फळीखाली न घसरणारी रबरी चटई ठेवावी. लाकडी संचाची प्रत्येक खुंटी चाचणीआधी प्रत्येक छिद्रात घालून पाहावी. अडकली तर एकच छिद्र घासू नये, संच बदलावा.

— काही व्यवसायोपचारतज्ज्ञ, पुणे